अँटिडिप्रेसंटमुळे मॉर्फिनचं विथड्रॉवल कमी होतं का? प्रयोग वाचताना आणि मांडताना

प्रश्न लातूरच्या एका एम.फार्म. विद्यार्थिनीचा आहे. प्रबंधाचा विषय ठरतो आहे: अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरच्या) औषधांचा माईसमधल्या (प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांमधल्या) मॉर्फिन विथड्रॉवलवर, म्हणजे सवय झालेलं मॉर्फिन तुटल्यावर येणाऱ्या त्रासावर, होणारा परिणाम. वाचलेल्या लेखांत परस्परविरोधी निष्कर्ष दिसतात. कुठे विथड्रॉवलमधल्या उड्या कमी झाल्या, कुठे फरक नाही, कुठे एखादं लक्षण उलट वाढलं. मग कोणाचं खरं धरायचं, आणि कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये हा प्रयोग कसा लावायचा?

यातले बरेच निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. ‘विथड्रॉवल कमी झालं’ या वाक्यात तीन गोष्टी दडलेल्या असतात: कोणतं लक्षण मोजलं, औषध कधी दिलं, आणि ते औषध विथड्रॉवलशी संबंध नसलेलं आणखी काय करतं. पुढचा लेख हाती घेतलात की सारांशाआधी या तीन गोष्टी शोधा.

आधी यंत्रणा, कारण प्रयोगाची रचना तिच्यावरच ठरते. मॉर्फिन काही दिवस सतत मिळालं की मेंदूदेठातल्या लोकस सिरुलियस या भागातल्या नॉरॲड्रेनालिन पेशी म्यू रिसेप्टरमुळे (मॉर्फिन पेशीवर जिथे चिकटतं ती जागा) दबून राहतात. त्याला तोंड देण्यासाठी त्या आपली सायक्लिक एएमपीची (पेशीतल्या संदेशवाहक रेणूची) व्यवस्था वाढवून ठेवतात. नालोक्झोन (मॉर्फिनला म्यू रिसेप्टरवरून हटवणारं औषध) दिला की दाब एका क्षणात निघतो आणि या पेशी प्रचंड वेगाने पेटतात. क्लोनिडिन अल्फा-2 रिसेप्टरवरून त्यांना शांत करतं. 1978 साली माणसांच्या ओपिऑइड (मॉर्फिनच्या गटातल्या औषधांच्या) विथड्रॉवलमध्ये त्याचा उपयोग याच विचारातून दाखवला गेला, आणि त्याच गटातलं लोफेक्सिडिन अमेरिकेत 2018 साली मंजूर झालं. मात्र सगळं विथड्रॉवल लोकस सिरुलियसमध्ये घडत नाही. विथड्रॉवलमधली नकोशी, टाळावीशी वाटणारी भावना खालच्या मेंदूदेठातून पुढच्या मेंदूकडे जाणाऱ्या नॉरॲड्रेनालिन तंतूंवर बरीच अवलंबून असते. याशिवाय विथड्रॉवलमध्ये मेंदूदेठातल्याच डॉर्सल राफे या भागामधून सेरोटोनिनचं स्रवणंही घटतं. एसएसआरआय औषधांचा (सेरोटोनिनचं पुनर्ग्रहण अडवणाऱ्या अँटिडिप्रेसंटचा) काही उपयोग होत असेल तर त्याचा एक धागा इथे सापडतो.

आता डेसिप्रामिन किंवा व्हेनलाफॅक्सिन या अँटिडिप्रेसंटचा विचार करा. ही औषधं नॉरॲड्रेनालिन परत आत ओढू देत नाहीत. नालोक्झोनच्या तासभर आधी एकच डोस दिला तर तत्त्वतः आगीत तेल पडायला हवं. पण तीच औषधं दोन-तीन आठवडे दिली तर चित्र फिरतं. 1990 च्या सुमारास येल विद्यापीठात दिसलं की दीर्घकाळ अँटिडिप्रेसंट दिल्यावर रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) लोकस सिरुलियसमध्ये टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या नॉरॲड्रेनालिन बनवायला लागणाऱ्या एन्झाइमचं प्रमाण उतरतं, आणि दीर्घकाळ मॉर्फिन दिल्यावर तेच प्रमाण चढतं. म्हणजे एकाच औषधाचा पहिला डोस आणि एकविसावा डोस हे दोन वेगळे प्रयोग आहेत. पॅरोक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन या एसएसआरआयवरच्या 1995 च्या एका अभ्यासाचं शीर्षकच तीव्र आणि दीर्घ मात्रेच्या उलट परिणामांविषयी होतं. तिथे मोजमाप विथड्रॉवलशी जोडलेल्या जागेच्या नावडीचं होतं, उड्यांचं नाही. फ्लुऑक्सेटिनबाबत 2003 साली चंदीगडहून आलेल्या कामात मॉर्फिनचं टॉलरन्स (सवयीने परिणाम कमी होत जाणं) आणि अवलंबित्व दोन्ही दबल्याचं मांडलं होतं आणि त्याचा संबंध नायट्रिक ऑक्साइड, डोपामिन आणि सेरोटोनिनच्या मार्गांशी जोडला होता. मर्टाझापिनचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ते अल्फा-2 रिसेप्टर अडवतं, म्हणजे क्लोनिडिनच्या नेमकं उलट, तरीही रॅटमध्ये त्याने विथड्रॉवल कमी झाल्याचं छापून आलं आहे. मग तो परिणाम 5-एचटी2 आणि 5-एचटी3 हे सेरोटोनिनचे रिसेप्टर अडवल्याचा, की हिस्टामिनचा एच1 रिसेप्टर अडवल्यामुळे आलेल्या गुंगीचा? हे वेगळं काढायची सोय प्रयोगात नसेल तर निष्कर्षाला फारसं वजन देऊ नका.

तियानेप्टिन मात्र या यादीतून काढूनच टाका. नाव अँटिडिप्रेसंटचं असलं तरी 2014 साली ते स्वतःच म्यू रिसेप्टरचं ॲगोनिस्ट (मॉर्फिनसारखं तो उत्तेजित करणारं) असल्याचं दाखवलं गेलं. त्याने विथड्रॉवल उतरलं तर तो मॉर्फिनच्या जागी दुसरं ओपिऑइड दिल्याचा परिणाम आहे.

लक्षणांवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माईसमध्ये मुख्य मोजमाप उड्यांचं. रॅट त्यामानाने कमी उड्या मारतात. त्यांच्यात ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकणं, दात वाजणं, पोट आवळून अंग ताणणं, जुलाब, लाळ, पापण्या मिटणं, डोळ्यांभोवती तांबूस स्राव आणि वजन घटणं ही लक्षणं बघतात. गेलर्ट आणि होल्ट्झमन यांनी 1978 साली रॅटसाठी दिलेल्या मोजपट्टीत काही लक्षणं मोजून आणि काही ‘आहे-नाही’ अशी नोंदवून एकच बेरीज काढतात. सोयीची पद्धत आहे, पण अँटिडिप्रेसंटच्या अभ्यासात ही बेरीज फसवते.

ॲमिट्रिप्टिलिन किंवा इमिप्रामिन ॲसिटिलकोलिनचे मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवतात. लाळ, अश्रू, जुलाब हे तर ॲट्रोपिननेही कमी होतील. तिथे बेरीज उतरते आणि मेंदूतलं विथड्रॉवल होतं तसंच राहतं. त्यात ही औषधं गुंगी आणतात, आणि गुंगलेला माऊस उड्या मारत नाही. उलट बाजूने एसएसआरआय घ्या. सेरोटोनिन वाढून 5-एचटी2ए रिसेप्टर उत्तेजित झाला की मॉर्फिनचा काही संबंध नसतानाही माईस डोकं झटकतात आणि रॅट अंग झटकतात. पुढचे पाय तुडवणं, पोट जमिनीला टेकवून पसरणं ही सेरोटोनिन अतिरेकाची चिन्हंही विथड्रॉवलच्या नोंदवहीत सहज शिरतात. म्हणून प्रत्येक लक्षणाचा आकडा वेगळा छापा. बेरीज द्यायचीच असेल तर तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात द्या. वजनाचंही असंच आहे. फ्लुऑक्सेटिन भूक कमी करतं, त्यामुळे सकाळच्या वजनाशी तुलना करू नका. नालोक्झोनच्या लगेच आधी आणि नंतर बरोबर 60 मिनिटांनी, एकाच तराजूवर, 0.1 ग्रॅमपर्यंत वजन घ्या.

आता रचना. तीन प्रश्न वेगळे आहेत आणि प्रबंधात त्यातला एकच घ्यावा. मॉर्फिनच्या प्रत्येक दिवशी सोबत अँटिडिप्रेसंट दिलं तर तुम्ही अवलंबित्व तयार होण्याचा अभ्यास करता. मॉर्फिन पूर्ण झाल्यावर फक्त नालोक्झोनच्या आधी दिलं तर लक्षणं उमटण्याचा. आणि मॉर्फिन बंद झाल्यावर काही आठवडे दिलं तर लांबलेल्या विथड्रॉवलचा. पहिल्या प्रकारात एक फट राहते: चाचणीच्या दिवशी औषध शरीरात शिल्लक असतंच. फ्लुऑक्सेटिनचं चयापचयी रूप नॉरफ्लुऑक्सेटिन तर मूळ औषधापेक्षा जास्त वेळ टिकतं. त्यामुळे फक्त शेवटच्या दिवशी अँटिडिप्रेसंट मिळालेला एक गट हवाच, नाहीतर पहिला प्रश्न आणि दुसरा प्रश्न एकमेकांत मिसळतात.

मॉर्फिन देण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. 75 मिग्रॅची गोळी कातडीखाली 72 तास ठेवण्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, पण तशी गोळी आपल्याकडे सहज मिळत नाही. तुमच्यासाठी सोपी पद्धत म्हणजे माईसना कातडीखाली दिवसातून तीनदा 50, 50 आणि 75 मिग्रॅ/किलो, असे तीन दिवस, चौथ्या दिवशी सकाळी 50 मिग्रॅ/किलो, आणि त्यानंतर 2 तासांनी पोटाच्या पोकळीत नालोक्झोन. लगेच माऊस साधारण 35 सेंटिमीटर उंच पारदर्शक नळकांड्यात सोडायचा आणि 30 मिनिटं उड्या मोजायच्या. चारही पाय जमिनीवरून सुटले तरच उडी. भिंतीवर पुढचे पाय टेकून उभं राहणं उडीत धरायचं नाही. ही व्याख्या मोजणाऱ्या दोघांनी पहिल्या दिवसाआधी लिहून ठेवावी.

पुष्कळ लेखांत नालोक्झोन 5 मिग्रॅ/किलो दिसतो. त्याने उड्या भरपूर मिळतात, पण मोजमाप छतालाच टेकतं. मग सौम्य सुधारणा दिसत नाही आणि बिघाड तर दिसूच शकत नाही. आधी चार-पाच माईसवर 0.5, 1 आणि 5 मिग्रॅ/किलो करून पाहा आणि मधला प्रतिसाद देणारा डोस निवडा. 1 मिग्रॅ/किलोसाठी 0.4 मिग्रॅ/मिलीच्या ॲम्प्यूलचा एक भाग आणि सलाइनचे तीन भाग मिसळले की 0.1 मिग्रॅ/मिली होतं, आणि 25 ग्रॅमच्या माऊसला 0.25 मिली पुरतं. सगळी इंजेक्शनं 10 मिली/किलो या हिशोबाने ठेवा. त्याच हिशोबाने फ्लुऑक्सेटिन 10 मिग्रॅ/किलोसाठी 1 मिग्रॅ/मिली द्रावण लागतं. त्याचं हायड्रोक्लोराइड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळतं. मर्टाझापिन पाण्यात नीट विरघळत नाही, ते 0.5 टक्के सीएमसीत (कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजच्या द्रावणात) घोटावं लागतं. असं केलंत तर कंट्रोल गटालाही सीएमसीच द्या, सलाइन नाही.

मॉर्फिन मीठ म्हणून मोजलं की बेस म्हणून, हे कितीतरी लेखांत लिहिलेलंच नसतं. मॉर्फिन सल्फेट पेंटाहायड्रेटमध्ये बेस साधारण 75 टक्के असतो. 50 मिग्रॅ/किलो सल्फेट म्हणजे 37.5 मिग्रॅ/किलो बेस. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कारण कधी कधी एवढंच असतं.

डोसचा अर्थ माणसापर्यंत नेताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब लावा. माऊसचा मिग्रॅ/किलो 12.3 ने भागायचा, रॅटचा 6.2 ने. माऊसमधले 10 मिग्रॅ/किलो म्हणजे माणसात 0.81 मिग्रॅ/किलो, 60 किलोच्या व्यक्तीला सुमारे 49 मिग्रॅ. फ्लुऑक्सेटिनसाठी हे उपचाराच्या मर्यादेत बसतं. बुप्रोपिऑनचा डोस चढवताना मात्र जपा. जास्त मात्रेत माईसना झटके येतात, आणि झटक्यानंतर निपचित पडलेला माऊस उड्या मारत नाही म्हणून औषध गुणकारी ठरवलं जाऊ शकतं.

गट मी असे लावीन. सलाइन घेतलेल्या माईसचे दोन गट: एक फक्त नालोक्झोनचा, दुसरा अँटिडिप्रेसंटच्या वरच्या डोससह नालोक्झोनचा. या दुसऱ्या गटात अंग झटकणं दिसलं तर ते औषधाचं स्वतःचं आहे हे कळतं. मॉर्फिन घेतलेल्यांत एक गट नालोक्झोनऐवजी सलाइनचा आणि एक क्लोनिडिन 0.2 मिग्रॅ/किलोचा. क्लोनिडिननेही फरक पडला नाही तर तुमची चाचणीच चालत नाही, औषधाला बोल लावण्यात अर्थ नाही. मग तीन मुख्य गट: वेहिकल (औषधाशिवाय नुसतं द्रावण), खालचा डोस, वरचा डोस. वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारची रचना घेतलीत तर शेवटच्या दिवसापुरतं औषध देणारा गट यात वाढतो.

संख्येचं बोलू. आपल्याकडे प्रत्येक गटात 6 प्राणी ही प्रथा झाली आहे. समजा वेहिकल गटात सरासरी 60 उड्या आणि प्रमाणित विचलन 30 आहे. 80 टक्के शक्तीच्या (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता 80 टक्के) ढोबळ नियमाने, म्हणजे 16 ला परिणामाच्या आकाराच्या वर्गाने भागून, 24 उड्यांचा फरक पकडायला प्रत्येक गटात 25 माईस लागतात. 6 माईसमध्ये फक्त 49 उड्यांचा, म्हणजे 80 टक्क्यांहून मोठा फरक भरवशाने सापडतो. इतका मोठा परिणाम अँटिडिप्रेसंट क्वचितच देईल. ‘फरक नाही’ म्हणणारे बरेच छोटे अभ्यास याच गणितात अडकलेले आहेत, आणि लहान गटांतून योगायोगाने मोठा फरक मिळाला की तोच छापला जातो. सगळे गट सारखे ठेवायचा हट्ट सोडा. चार तपासणी गटांत 8-8 आणि तीन मुख्य गटांत 20-20 ठेवले की एकूण 92 माईस होतात, आणि सुमारे 45 टक्के घट पकडता येते. नैतिक समितीला ही आकडेमोड लिहून दाखवा. उड्यांचे आकडे एका बाजूला झुकलेले असतात आणि शून्यंही भरपूर येतात. साधी अनोव्हा लावण्यापेक्षा क्रुस्कल-वॉलिस किंवा निगेटिव्ह बायनोमियल पद्धत वापरा आणि सरासरीसोबत मध्यांकही द्या.

गुंगी वगळण्यासाठी त्याच डोसवर, त्याच वेळेला, वेगळ्या माईसवर ॲक्टोफोटोमीटर (हालचाल मोजणारं यंत्र) आणि रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल पाहणारी चाचणी) करा. मॉर्फिनचा परिणामच बदलला नाही ना, हे बघायला पहिल्या आणि चौथ्या दिवशी हॉट प्लेट (वेदना किती दबली हे पाहणारी चाचणी) 55 अंशांवर, 15 सेकंदांच्या मर्यादेने. ट्रायसायक्लिक औषधं (ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिनच्या गटातली) मॉर्फिनचं ग्लुक्युरोनिडेशन, म्हणजे त्याचा चयापचय, मंदावू शकतात. मेंदूत मॉर्फिन जास्त वेळ रेंगाळलं तर नालोक्झोनशी त्याची स्पर्धा बदलते आणि उड्याही बदलतात. रक्तातलं औषध मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राची सोय असेल तर प्रत्येक मुख्य गटातल्या काही माईसचं प्लाझ्मा मॉर्फिन मोजा. मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. बाटल्यांवर क्रमांक टाकण्याचं काम प्रयोगाबाहेरच्या कोणाला तरी द्या आणि व्हिडिओ ठेवा.

मराठवाड्याचं हवामान हा या प्रयोगातला खरा घटक आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर 42 अंश असताना ॲनिमल हाऊस 22 अधिक-उणे 3 अंशांवर ठेवायचं म्हणजे एसी रात्रंदिवस चालायला हवा, आणि वीज गेली की तासाभरात खोली तापते. मॉर्फिन शरीराचं तापमान हलवतं, विथड्रॉवल पुन्हा हलवतं, आणि तापलेल्या खोलीत वजनही पाण्यावाटे घटतं. तुमचं मोजमाप वजनाचंच असेल तर सगळं वाया. मुख्य टप्पा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या, नोंदणारा थर्मामीटर पिंजऱ्याच्या उंचीवर लावा, आणि तापमान मर्यादेबाहेर गेलेल्या दिवसाचे प्राणी वगळण्याचा नियम आधीच लिहून ठेवा. लग्नसराईतल्या डीजेचाही विचार करा. मोठ्या आवाजाने माईस बिथरतात, उड्यांत फरक पडतो. रोज सकाळी त्याच तासाला चाचणी, आणि प्रत्येक दिवशी सगळ्या गटांतले थोडे थोडे प्राणी. एका दिवशी एकच गट उरकणं ही फार महागात पडणारी सवय आहे.

लांबलेल्या विथड्रॉवलकडे माझा कल जास्त आहे, हेही सांगतो. अँटिडिप्रेसंटचं खरं काम बहुधा तिथेच आहे. 2011 साली फ्रान्समधल्या कामात मॉर्फिन बंद झाल्यावर चार आठवड्यांनी माईस एकमेकांत कमी मिसळू लागले, हताशपणाच्या चाचणीत लवकर थांबले, आणि त्या काळात दिलेल्या फ्लुऑक्सेटिनने हे टळलं. तिथे नालोक्झोन नाही, उड्या नाहीत. मात्र फोर्स्ड स्विम चाचणी (पाण्यात सोडून हताशपणा मोजणारी) अँटिडिप्रेसंट ओळखण्यासाठीच वापरली जाते, त्यामुळे तिच्यात सुधारणा दिसणं जवळजवळ अपेक्षितच असतं. सोबत मिसळण्याची चाचणी घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

यातून रुग्णासाठी सल्ला निघत नाही. माणसांत ओपिऑइड विथड्रॉवलसाठी बुप्रेनॉर्फिन आणि क्लोनिडिनसारखे पर्याय डॉक्टरांच्या देखरेखीत वापरतात. ट्रामाडोल हे ओपिऑइड वेदनाशामक घेणाऱ्याने मनाने एसएसआरआय सुरू केलं तर सेरोटोनिन सिंड्रोम आणि झटके यांचा धोका असतो. ट्रामाडोल स्वतः सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिनचं पुनर्ग्रहण अडवतं, म्हणून ते बंद केल्यावर येणारं विथड्रॉवलही मॉर्फिनसारखं निव्वळ ओपिऑइड नसतं. घरातल्या कोणासाठी विचारत असाल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे.

परवानग्या सगळ्यात आधी हाती घ्या. कॉलेजच्या आयएईसीपुढे (प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिक समिती) फॉर्म बी, आणि मॉर्फिनसाठी 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालची परवानगी. अर्जात किती मॉर्फिन लागेल हे नेमकं लिहावं लागतं, तर हिशोब असा: दिवसाला 175 मिग्रॅ/किलो, तीन दिवसांचे 525, चौथ्या दिवशीचे 50, एकूण 575 मिग्रॅ/किलो. 25 ग्रॅमच्या माऊसमागे 14.4 मिग्रॅ. वर मांडलेल्या गटांत मॉर्फिन घेणारे माईस 76, म्हणजे सुमारे 1.1 ग्रॅम, 10 मिग्रॅच्या 110 ॲम्प्यूल. नालोक्झोन ठरवण्याची प्राथमिक चाचणी, हॉट प्लेट, रोटारॉड आणि उरलेलं फेकणं धरून दीडशे मागा. प्रत्येक ॲम्प्यूलची नोंद वहीत, फोडलेल्या काचेसकट. ट्रामाडोल वापरून ही कटकट टळेल असं वाटत असेल तर तेही 2018 पासून एनडीपीएसखाली आहे.

एवढं मॉर्फिन मिळणं अवघड दिसलं तर गिनिपिगच्या इलियमवर (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या तुकड्यावर) काम करा. टायरोड (क्षारांचं) द्रावण, 37 अंश, 1 ग्रॅम ताण. 10 मायक्रोमोलर मॉर्फिन 4 मिनिटं ठेवायचं, मग 10 मायक्रोमोलर नालोक्झोन, की आतडं जोरात आकसतं. 20 मिलीच्या बाथला दर वेळी फक्त 57 मायक्रोग्रॅम मॉर्फिन बेस लागतो, म्हणजे 10 मिग्रॅ सल्फेटचं एक ॲम्प्यूल हिशोबाने शंभराहून जास्त चाचण्यांना पुरतं. हे आकसणं मुख्यतः ॲसिटिलकोलिन सुटल्यामुळे होतं. त्यामुळे प्रत्येक अँटिडिप्रेसंटची त्याच मात्रेत आधी थेट ॲसिटिलकोलिनवर परीक्षा घ्या. ॲमिट्रिप्टिलिन तिथेच आकसणं दाबेल, आणि त्या मात्रेत त्याचा विथड्रॉवलवरचा आकडा प्रबंधात धरता येणार नाही.